डच गृहचित्रांतील मोलकरीण : अर्थ कोणाचा?

सतराव्या शतकातील डच गृहचित्रांविषयीची चर्चा बराच काळ दोन भूमिकांभोवती फिरत आली आहे. एडी द यॉङ यांच्या मते या चित्रांतील वास्तव भासमान असते. साध्या घरगुती वस्तूंआड बोधचित्रांच्या ग्रंथांतून आलेला नीतिबोध दडलेला असतो. स्वेतलाना आल्पर्स यांनी 'द आर्ट ऑफ डिस्क्राइबिंग' (१९८३) या ग्रंथात याला विरोध केला. डच चित्र अर्थ लपवीत नाही, दृश्य जगाची नोंद करते, हे त्यांचे प्रतिपादन. वाद महत्त्वाचा खरा. परंतु मोलकरीण दोन्हीकडे गौणच राहते. एका पक्षासाठी ती दुर्गुणाचे वा सद्गुणाचे चिन्ह, दुसऱ्यासाठी प्रकाश झेलणारा एक पृष्ठभाग.

निकोलास मास याचे 'आळशी मोलकरीण' (१६५५, नॅशनल गॅलरी, लंडन) पाहावे. मोलकरीण हातावर डोके टेकून झोपली आहे, भांडी जमिनीवर पसरली आहेत, मागे मांजर पक्षी पळवते आहे. हे आळसाचे चित्र आहे हे कळण्यासाठी बोधग्रंथ उघडण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो मालकिणीच्या हाताचा. ती झोपलेलीला जागे करीत नाही. प्रेक्षकाकडे पाहून हसते आणि हाताने तिच्याकडे निर्देश करते. म्हणजे नीतिबोध वस्तूंमध्ये नसून मालकीण आणि प्रेक्षक यांच्या संगनमतात आहे, आणि प्रेक्षकही नोकर ठेवणाऱ्यांपैकीच आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे. जिच्याविषयी हे सारे चालले आहे तिचे डोळे मिटलेले. 'हे चित्र आळसाचा निषेध करते' असे लिहिणारा अभ्यासक त्या हाताचेच काम पुढे चालवीत असतो.

योहानेस व्हर्मीरच्या 'मिल्कमेड'मध्ये (सुमारे १६५८, राइक्सम्युझियम, आम्स्टरडॅम) असा हात नाही. (नावावरून तिला 'गवळण' म्हणणे चूक ठरेल, ती स्वयंपाकघरातील मोलकरीण आहे.) भिंतीच्या पायथ्याशी पाय शेकण्याची पेटी आहे, तेथील एका चिनी मातीच्या फरशीवर मदन आहे. रुमर फिशर याच्या १६१४ च्या बोधचित्रसंग्रहात ही पेटी स्त्रियांची लाडकी म्हणून येते. त्यावरून मोलकरणीच्या मनातील कामेच्छेचा तर्क केला गेला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत मात्र दिसून आले, की चित्रकाराने आधी तिच्यामागे सुरया टांगण्याची फळी आणि खाली विस्तवासाठीची टोपली रेखाटली होती. पुढे दोन्ही रंगाखाली बुजवली. उरली ती मोकळी भिंत, दुधाची बारीक धार आणि धारेवर खिळलेली नजर. पेटी राहिली हे नाकारता येत नाही. पण कोपऱ्यातील त्या पेटीवरून सबंध स्त्रीचा अर्थ लावणे हा वाचनाचा आळस होय.

व्हर्मीरची सासू मारिया थिन्स हिच्या घरी टानेके एव्हरपूल नावाची मोलकरीण होती. या चित्रासाठी तीच उभी राहिली असावी, हा केवळ तर्क. अधिक मोलाची आहे १६६६ मधील नोंद : मारियाचा मुलगा विलेम याच्या वर्तनाविषयी टानेकेने नोटरीपुढे साक्ष दिली. गरोदर बहिणीवर, म्हणजे व्हर्मीरच्या पत्नीवर, तो काठी घेऊन धावला असता टानेकेनेच त्याला अडवले होते. घरातली गुपिते जाणणारी, जिच्या शब्दाला कागदोपत्री वजन आहे अशी मोलकरीण आळस-उद्योगाच्या नीतिकथेत बसत नाही.

व्हर्मीरच्याच 'प्रेमपत्रा'त (सुमारे १६७०) मात्र तशी एक दिसते. प्रेक्षक अंधाऱ्या दारातून आत पाहतो. वाटेत केरसुणी आणि काढून ठेवलेल्या सपाता. हातात पत्र घेतलेली मालकीण मान वळवून वर, मोलकरणीकडे पाहते आहे. मोलकरीण उभी आहे, किंचित हसते आहे. प्रेक्षकाकडे दोघींपैकी कोणीच पाहत नाही.