दुर्रीचं पान

दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच समोर आला की हात आपोआप राजांच्या पानांकडे जातो. नरसिंह, वामन, राम, कल्की. अवतार स्वतः विराजमान, भोवती नक्षीची किनार, आणि हा सगळा थाट तळहातात मावणाऱ्या एका वर्तुळात. बहुतेकांचं कौतुक तिथेच संपतं आणि उरलेली पानं डबीत परत जातात. मला मात्र या संचातली खरी बुद्धी दुर्री-तिर्रीवर खर्च झालेली दिसते. कल्पित जगातल्या लढायांचे पत्ते रचणारे आजचे चित्रकार कुळं आणि टोळ्या निर्माण करायला बसतात, तेव्हा ज्या प्रश्नापाशी अडतात, त्याचं उत्तर या छोट्या पानांवर शेकडो वर्षं पडून आहे.

प्रश्न साधा आहे: एक कुळ दुसऱ्यापासून एका नजरेत वेगळं कसं कळावं, आणि कुळातला प्रत्येक जण त्या कुळाचाच कसा वाटावा?

दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण 120. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. तिघांनी डाव मांडला तर एकेकाच्या हाती 40 पानं येतात. पान गोल, म्हणजे त्याला कोपराच नाही, आणि कोपऱ्यात आकडा छापायची सोयही नाही. चाळीस पानांचा पंखा हातात धरला की प्रत्येक पानाची जेमतेम एक कोर दिसते. तेवढ्या कोरीवरून खेळणाऱ्याला अवतार ओळखायचा असतो. म्हणून पार्श्वभूमीचा रंग कुळाचा, आणि त्यावरचं चिन्हही कुळाचं. मत्स्याच्या दुर्रीवर दोन मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, कल्कीच्या तलवारी. काही चिन्हं प्रांताप्रांतांत बदलतात, पण तत्त्व बदलत नाही. दुर्रीवर ना देव आहे, ना सिंहासन, ना कथा. तरीही ती मत्स्याचीच आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही.

सात किंवा आठ मासे काढायचे तर मांडणीचं कौशल्य लागतं. ते मोजावे लागले, तर डाव रेंगाळतो. चिताऱ्याला ते जोड्यांत, ओळींत असे बसवावे लागतात की संख्या आकृतीतूनच उमगावी. वर्तुळाच्या कडेला जागा आक्रसते, तिथे मासा लहान होऊन चालत नाही, कारण लहान मासा म्हणजे वेगळा मासा. एकाच कुंचल्याच्या सवयीने तोच मासा पुन्हा पुन्हा उतरवायचा आणि तरी पान जिवंत ठेवायचं, हे राजाचं पान रंगवण्याहून अवघड काम आहे असं मला वाटतं.

गंजिफा हिंदुस्थानात रुजली ती मोगलांच्या काळात. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या खेळाचं वर्णन अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त केलं आहे, आणि ते वाचताना आजच्या एखाद्या अद्भुतरम्य खेळाची नियमपुस्तिका वाचतो आहोत असं वाटतं. अश्वपती, गजपती, गढपती, नौकापती अशी राज्यं आहेतच, पण त्यांच्या पुढे जिनांचं कुळ आहे, रानातल्या श्वापदांचं आहे, सापांचं आहे. जिनांचा राजा म्हणून सिंहासनावर सुलेमान, श्वापदांचा राजा वाघ आणि त्याचा वजीर बिबट्या. सापांचा वजीरसुद्धा सापच, आणि तो स्वार झालेला आहे दुसऱ्या सापावर! खालच्या दहा पानांवरही सापच. वजिरापासून एक्क्यापर्यंत एकच रक्त वाहतं आहे.

चित्र आणि नियम एकमेकांना धरून असतात, तेव्हा पत्त्यांचा खेळ नुसत्या करमणुकीच्या पलीकडे जातो. दशावतारीत पहिली उतारी कुणाची, हे घड्याळ ठरवतं. दिवसा डाव मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला. राम जन्मला भर माध्यान्ही, कृष्ण मध्यरात्री. रामनवमीला दुपारी बाराला पाळणा हलवणाऱ्या आणि गोकुळाष्टमीला बारा वाजेपर्यंत जागणाऱ्या घरात हा नियम कुणाला पाठ करावा लागला नसेल.

दुसरा नियम मला याहून खोल वाटतो. पाच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत क्रम उलटा, तिथे एक्का मोठा आणि दश्शी तळाला. शिवाय हुकमाचा असा वेगळा रंगच नाही. राजाचं पान पडून गेलं की त्या रंगाचा प्रधान सर्वांत थोर ठरतो, तोही गेला की पुढचा. म्हणजे डाव जसजसा सरतो, तसतसा वारसा खाली उतरत जातो आणि ज्या दुर्रीकडे कुणी बघितलं नव्हतं, ती अखेरच्या हाताला राज्यावर बसू शकते. त्यासाठी कुठल्या कुळातलं कोण गेलं, हे 120 पानांतून ध्यानात ठेवावं लागतं.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा कल्पित जगातल्या लढायांचा पत्त्यांचा खेळ आणला, तेव्हा पहिल्याच संचात 'गॉब्लिन किंग' हे पान होतं. तो मैदानात असेपर्यंत गॉब्लिनांची ताकद आणि चिवटपणा एकेकाने वाढतो. कल्पना सुरेख आहे, आणि कुळांवर उभ्या राहणाऱ्या पुढच्या कित्येक पानांचं मूळ तिच्यात आहे. तिथे राजा असताना कुळ बलवान होतं. गंजिफात राजा गेल्यावर कुळातला पुढचा उभा राहतो. मला दुसरी रीत अधिक भावते, कारण तिच्यात कुळाचं भवितव्य सगळ्यांत धाकट्याच्याही हाती जाऊ शकतं.

यांतले काही अवतार दगडातही भेटतात. वेरूळचं 15 क्रमांकाचं लेणं आहे, दशावतार नावाचं. अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, म्हणजे आठव्या शतकातला. नाव दशावतार असलं तरी दहाही अवतार तिथे नाहीत, आणि शिवाची शिल्पंही भरपूर आहेत. पण वरच्या मजल्यावरचा नरसिंह पाहाच. हिरण्यकशिपू अजून उभा आहे, हातात ढाल-तलवार आहे, आणि नरसिंहाचा हात त्याच्यावर पडला आहे. शिल्पकाराने वधाचा क्षण न घेता झडपेचा घेतला. त्याच्यापाशी अख्खी भिंत होती, म्हणून दोन देहांमधला ताण त्याला दगडात पसरता आला. गंजिफाच्या चिताऱ्यापाशी भिंत नाही. त्याने नरसिंहाची कथा राजाच्या एका पानात आटवली आणि कुळाची ओळख चिन्हावर सोपवली. शिल्पकाराच्या भिंतीपुढे आपण थबकतो. चिताऱ्याचं चिन्ह मात्र हातातून हातात फिरत राहतं.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडली. सावंतवाडीत ही पानं रंगवण्याची विद्या जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली, आणि 1971 मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू करून राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवलं. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, लेप देऊन घोटायचे, मग रंग, मग लाख, हे काम तिथे हातानेच चालतं. सत्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या.

मराठी मातीतली कुळं घेऊन नवे पत्ते रचू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. संगणकावर राजाचा मुकुट चमकवण्याआधी एकदा सावंतवाडीला जा, दशावतारीचा पूर्ण संच मागून घ्या आणि राजे बाजूला ठेवून उरलेली पानं पाहा. मग आपल्या कुळाची दुर्री आधी काढा. तिच्यावर नाव न लिहिता कुळ ओळखू आलं, तरच पुढची अकरा पानं काढायला घ्या.