‘विरघळणे’ या क्रियापदाची कारके

रोहिणीकाठिण्याच्या विवेचनात ‘लिपोप्रथिने अविद्राव्य होऊन वाहिनीच्या भित्तीत साचतात’ अशा घाटाचे वाक्य सहज लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या अर्थरचनेवर.

‘साखर पाण्यात विरघळते’ यात साखर हा कर्ता व पाणी हे अधिकरण. या क्रियापदास तिसऱ्या कारकाची अपेक्षाच नाही; त्यामुळे विद्राव्यता हा एकट्या साखरेचा गुण होय, असा समज भाषा स्वतःच करून देते. पण त्याच द्रावणात एखादा महारेणू असेल, तर त्यास वाक्यात कोठे बसवावयाचे? आपण ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय जोडून मोकळे होतो. या एका ‘मुळे’च्या पोटात दोन सर्वस्वी भिन्न व्यापार दडलेले असतात.

पहिला व्यापार जागेचा. ऑग्स्टन व फेल्प्स यांनी १९६१ मध्ये हायालुरॉनिक आम्लाच्या द्रावणातून इतर रेणू कसे वगळले जातात हे दाखविले. १९६३ मध्ये लॉरेंट यांनी डेक्स्ट्रानच्या सान्निध्यात प्रथिनांची विद्राव्यता घटते हे मोजून सिद्ध केले. येथे बंध नाही, आकर्षण नाही. महारेणूने अवकाश व्यापला, एवढेच. आणि गर्दीत ज्याचा देह मोठा त्याची अडचण आधी होते. अल्पघनतेच्या लिपोप्रथिनाचा व्यास सुमारे २० ते २५ नॅनोमीटर, उच्चघनतेच्याचा ८ ते १२. पॉलिएथिलीन ग्लायकोलची मात्रा वाढवीत गेल्यास पहिले आधी खाली बसते, ते याच कारणाने.

दुसरा व्यापार बंधाचा. हेपारिन किंवा डेक्स्ट्रान सल्फेट यांवरील ऋणभार ‘ॲपो-बी’ या प्रथिनातील लायसिन व आर्जिनिन यांच्या धनभारांशी जुळतात. मँगनीज वा मॅग्नेशियम यांचे आयन त्यास साहाय्य करतात. परीक्षानळीत दोहोंचा शेवट सारखाच, तळाशी साका. म्हणून शब्दही एकच, ‘अवक्षेपण’.

प्रयोगशाळेत हे खपून जाते. रोगाच्या मीमांसेत खपत नाही. विल्यम्स व टबास यांनी १९९५ मध्ये असे प्रतिपादिले की, भित्तीच्या अंतःस्तरात लिपोप्रथिन अडकून राहणे हीच रोगाची आद्य घटना होय. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांच्या ‘ॲपो-बी’ची प्रोटिओग्लायकनशी बांधले जाण्याची शक्ती उत्परिवर्तनाने क्षीण केली होती अशा उंदरांत रोग लक्षणीयरीत्या कमी आढळला. हा पुरावा बंधाचा आहे, जागेचा नव्हे. डेक्स्ट्रानच्या नळीतील विद्राव्यतेचे आकडे त्याच्या शेजारी मांडून दोहोंवर ‘मुळे’चे पांघरूण घालणे म्हणजे एकाच्या खात्यातील जमा दुसऱ्याच्या नावे लिहिणे होय. शिवाय, जे बांधले गेले ते अविद्राव्य झालेच असे नाही. (‘चांगले’ व ‘वाईट’ कोलेस्टेरॉल या जोडीचा परामर्श आम्ही येथे घेत नाही, तो नीतिशास्त्र विभागाने घ्यावा.)

वास्तविक हा भेद दाखविण्याची सोय मराठीच्या प्रत्ययांतच आहे. जागेच्या व्यापारास सप्तमी पुरे: ‘डेक्स्ट्रानच्या द्रावणात लिपोप्रथिनाची विद्राव्यता घटते.’ बंधाच्या व्यापारास ‘शी’: ‘लिपोप्रथिन प्रोटिओग्लायकनशी बांधले जाते.’ राहिला ‘साचणे’ हा शब्द. तो उतार नसलेल्या जागी थांबलेल्या पाण्याचा आहे. भित्तीतील कण उताराअभावी थांबत नाही, त्यास कोणीतरी धरून ठेवलेले असते. तेथे ‘अडकणे’ हेच क्रियापद योजावे.