मळ कोणत्या मातीचा?

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधले रणगाडे खरे आहेत आणि स्वच्छ रंगवलेले आहेत. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, विजयंता उभे आहेत. उन्हापावसात लोखंड जपायचे तर रंगाचा नवा हात द्यावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या हाताखाली चिखल, धूर, तेलाचे ओघळ सगळे झाकले जाते. तोच सेंच्युरियन प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून वीतभर आकारात जोडणारा मॉडेलर उलट दिशेने जातो. तो आधी नीट रंग देतो आणि मग तो रंग मुद्दाम बिघडवतो. या बिघडवण्याला मॉडेलर मंडळी वेदरिंग म्हणतात. आपल्याकडे या कलेत हात तयार होत आहेत, नजर मात्र अजून उसनी आहे.

नजर उसनी का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. जपानच्या तामिया कंपनीचा पँथर रणगाडा १९६०च्या दशकाच्या आरंभी साधारण १/३५ प्रमाणात आला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढाच त्या प्रमाणामागचा हिशेब होता, पण पुढे तेच जगभर रूढ झाले. अमेरिकेच्या शेपर्ड पेनने १९७०च्या दशकात अशा मॉडेलभोवती प्रसंग उभे केले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनने खाचांत पातळ गडद रंग सोडणे आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळवणे या युक्त्या लोकप्रिय केल्या. या युक्त्यांना भक्कम आधार आहे. वीतभर वस्तूवर पडणारा उजेड खऱ्या रणगाड्यासारख्या सावल्या पाडत नाही, त्या रंगवाव्याच लागतात. नंतर स्पेनच्या मिग हिमेनेझच्या पिढीने रंगाची भुकटी, तेलरंगाचे ठिपके, पावसाचे ओघळ, हेअरस्प्रेच्या थरावरचा रंग ओला करून खरवडणे असे सगळे तंत्र बाटल्यांत भरून विकायला आणले. त्या बाटल्यांवर युरोपची धूळ, रशियाची माती अशी नावे असतात. आपल्या सोलापूरची माती कोणी बाटलीत भरलेली नाही, आणि आपल्या मॉडेलरचे कौशल्य नेमके इथे अडते.

दुसरा दोष अतिरेकाचा. १/३५ प्रमाणात एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या पत्र्यावर साडेतीन सेंटिमीटरचा, आणि १/७२ मध्ये सात सेंटिमीटरहून मोठा. असे शेकडो ओरखडे बुरुजावर मारले की रणगाडा लढून आलेला दिसत नाही, फरफटत आणलेला दिसतो. गंजाचेही तसेच. ट्रॅक उघड्या पोलादाचे, ते एका पावसात तांबूस होतात आणि चार कोस धावले की जमिनीला टेकणारा भाग पुन्हा लखलखतो. रंगवलेले जाड चिलखत इतक्या लवकर गंजत नाही. ॲल्युमिनियमच्या विमानाला तर तांबूस गंज चढतच नाही, तरी तो रंगवलेला दिसतो. पाठ केलेली कृती प्रत्येक वस्तूवर सारखीच वापरली जाते, याचे हे लक्षण आहे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात जन्मलेले पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पडले. त्यांचा 'फॅमागुस्टा' हा सेंच्युरियन अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. तो रणगाडा कोणी मॉडेलमध्ये करायला घेतला, तर त्याने आधी ती लढाई झाली त्या शकरगडकडचा डिसेंबर डोळ्यांपुढे आणावा. तिथे रावीच्या खोऱ्यातला बारीक, फिकट गाळ आहे. वाळला की तो पिठासारखा बसतो. त्यावर रशियाच्या बाटलीतला काळपट चिखल थापला तर लढाईच बदलते. त्या रणगाड्याने आग लागल्यावरही माघार घेतली नव्हती. ती आग कुठे लागली, कुठवर पसरली, कोणता रंग करपला आणि कोणता शाबूत राहिला, याचा विचार हाच खरा अभ्यास. उरलेले काम कुंचल्याचे.

आता आपल्या दाराशी येऊ. दिवाळीतला मातीचा किल्ला ही महाराष्ट्राची स्वतःची, पोरासोरांच्या हातची लघुप्रतिकृतीची कला आहे, आणि समीक्षेने तिच्याकडे फार कमी पाहिले आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, गेरूचा हात, हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेले गवत, हे सगळे बाटलीतल्या भुकटीपेक्षा कितीतरी सच्चे वेदरिंग आहे, कारण तिथे माती हीच माती असते. सोलापूरची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. चौथ्या दिवशी तटाला जी चीर जाते, ती रंगवून आणायला कसलेल्या माणसाचा दिवस खर्ची पडेल.

पण इथेही उसनेपण शिरले आहे. सह्याद्रीतल्या गडांची छायाचित्रे पाहून बुरुजांवर हिरवे शेवाळ रंगवले जाते. रायगडाजवळच्या महाडकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापुरात पाचसहाशे. सोलापूरच्या भुईकोटाजवळ सिद्धेश्वर तलाव असला, तरी वर्षाचा बराच काळ तट कोरडा असतो. अशा तटावर शोभेल ती धूळ, सांध्यांतून झिरपलेल्या चुन्याचे पांढुरके ओघळ, आणि फटीत रुजलेला पिंपळ. काळ्या दगडाला काळा रंग फासून हे येत नाही. बसाल्ट उन्हात करडा दिसतो, आणि जिथे पाणी मुरते तिथेच गडद होतो.

काळाचा घोळ याहून मोठा आहे. रायगडावर ६ जून १६७४चा राज्याभिषेक मांडायचा आणि भोवतीच्या भिंती पडक्या दाखवायच्या, म्हणजे एकाच पाटावर दोन शतके ठेवायची. रायगडाचे वाडे जळाले ते मे १८१८च्या इंग्रजी तोफांनी. सोलापूरचा किल्लाही त्याच महिन्यात इंग्रजी फौजेच्या मन्रोने घेतला. राज्याभिषेकाच्या रायगडाला ताजा गिलावा हवा. पडझड दाखवायची असेल तर सिंहासन उचलून ठेवावे लागेल.

आणि मावळे! बाजारातले मावळे चकाकत्या रंगात, कालच शिवलेल्या कपड्यांत येतात. १२ जुलै १६६०च्या आषाढी रात्री पन्हाळ्याहून विशाळगडाकडे धावलेल्या माणसांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले असणार. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा, तिथला चिखल तांबडा. मांडचोळण्याला तो तांबडेपणा, वर भिजलेल्या कापडाची गडद छटा, एवढे जरी एखाद्याने रंगवले तरी त्या चार इंची मातीच्या पुतळ्यात पावनखिंड उतरेल. मळ दाखवल्याने शौर्याला उणेपणा येतो असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या माणसांनी जे सोसले ते स्वच्छ धोतरात दिसत नाही.

२०२५ साली शिवनेरी, रायगड, पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे प्रतिकृतींची मागणी वाढेल. स्पर्धांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे: किल्ल्याची उंची मोजण्याआधी करणाऱ्याला साल आणि ऋतू विचारा. आणि सोलापूरच्या तरुण मॉडेलरनी एकदा तरी रणगाडा बाजूला ठेवून यंत्रमाग करावा. वंगणावर कापसाचे तंतू चिकटून त्याचा करडा थर होतो, हात लागणारा लोखंडी भाग मात्र घासून चांदीसारखा राहतो. तो थर कोणत्याही कंपनीच्या बाटलीत मिळत नाही. तो मागावर काम करणाऱ्या माणसाला विचारूनच रंगवावा लागेल, आणि अशी माणसे या शहरात गल्लोगल्ली आहेत.