कोकिळेची साक्ष

उन्हाळा तापू लागला की भंडारा, तुमसर, साकोलीकडे आंब्या-कडुनिंबांवर कावळ्यांची घरट्यांसाठी लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास कुहूकुहूही. (गातो तो काळा नर. ठिपक्यांची तपकिरी मादी नुसती किक्-किक् करते.) मग वर्गात गोष्ट निघते : कोकिळा आळशी आणि लबाड, म्हणून ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

या गोष्टीला आमचा आक्षेप आहे. तिचे मूळ जुने आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात शकुंतलेला खोटी ठरवताना दुष्यंत हाच दाखला देतो : पशुपक्ष्यांतल्या माद्यांनाही न शिकवता चातुर्य येते, मग स्त्रियांचे काय सांगावे! कोकिळा नाही का आपली पिले उडेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेत? निरीक्षण अचूक आहे. ‘न शिकवता’ हेही खरे. आईला कधी न पाहिलेल्या पिलाला हे कोण शिकवणार? निष्कर्ष मात्र दुष्यंताच्या सोयीचा. कालिदासाने तो स्मृती हरवलेल्या राजाच्या तोंडी घातला आहे, हे आपण विसरतो आणि मुलींसमोर तोच पाठ गिरवतो. कावळ्यांना हुलकावणी देऊन घरट्यापासून दूर नेण्यात नराचाही हात असतो, असे निरीक्षकांनी नोंदवले आहे. त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

शिवाय आळस हेच कारण असेल तर भारद्वाजाचे काय? तोही कोकिळाच्याच कुळातला. पण घरटे स्वतः बांधतो आणि नर-मादी मिळून पिले वाढवतात. उलट त्याच कुळातले पावशा व चातक सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. वंशवृक्ष मांडला तर या एका कुळातच ही सवय तीनदा स्वतंत्रपणे उपजलेली दिसते.

कुळाबाहेरही ती आहे. अमेरिका खंडांतल्या काउबर्डांचे कोकिळाशी जवळचे नाते नाही, तरी सवय तीच. असे पक्षी आधी अनेकांच्या घरट्यांत अंडी घालत असावेत आणि पुढे एकाच यजमानावर स्थिरावत असावेत, असे वाटणे साहजिक होते. १९९२ साली स्कॉट लॅन्यन यांनी डीएनएवरून काउबर्डांचा वंशवृक्ष मांडला आणि चित्र उलटे निघाले : बुंध्याजवळ फुटलेली जात जवळजवळ एकाच यजमानावर विसंबते, तर शेंड्याकडच्या दोन जातींची अंडी प्रत्येकी २००हून अधिक जातींच्या घरट्यांत सापडली आहेत. लबाडीच्या गोष्टीत हे कुठे बसवणार?

त्यापेक्षा मुलांना भारद्वाजाचे घरटे शोधायला सांगावे. दाट झुडपात, वेलींच्या जाळीत असते, दुरूनच पाहावे.