‘ऑफ’ की ‘ऑन’? फ्रेझल व्हर्बच्या याद्या आणि आपलं मराठी

(अंबाडी, ता. भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण सुरुवात गोदामापासून करतो. आपल्या भागातली कितीतरी मुलं भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. माझ्याकडे शिकून गेलेला असाच एक मुलगा. एका संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर वरून निरोप आला, ‘होल्ड ऑफ ऑन डिस्पॅच टिल टुमॉरो.’ म्हणजे माल पाठवायचं उद्यापर्यंत थांबवून ठेवा. याने गाडी भरली आणि सोडून दिली. त्या दिवसाची हजेरी कापली गेली. मला भेटला तेव्हा म्हणाला, ‘सर, एकाच वाक्यात ऑफ पण आणि ऑन पण. मला वाटलं, ऑन नंतर आलाय, म्हणजे शेवटी चालूच ठेवायचं.’

(हशा)

हसू येतं, मलाही आलं. पण घरी गेल्यावर हसू गेलं. कारण ‘होल्ड ऑन म्हणजे थांबा’ हे त्याने माझ्याच वर्गात पाठ केलं होतं. ‘होल्ड ऑफ’ही यादीत होतं. ‘होल्ड ऑफ ऑन’ मात्र नव्हतं, आणि तो दुसरा ‘ऑन’ कशासाठी येतो, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा आजची टीका गाइडांवर आहे, आणि तेवढीच माझ्यावरही.

आता यादी कशी असते बघा. डावीकडे ‘पुट ऑफ’, उजवीकडे ‘पुढे ढकलणे’. डावीकडे ‘लुक आफ्टर’, उजवीकडे ‘काळजी घेणे’. त्याखाली ‘पुट अप विथ’, ‘सहन करणे’. सगळं एका रांगेत, जणू एकाच जातीचा माल. पण ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि ती ओळखायची परीक्षा अगदी साधी आहे. मध्ये ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून बघा. ‘पुट इट ऑफ’ चालतं, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. उलट ‘लुक आफ्टर हिम’ चालतं, ‘लुक हिम आफ्टर’ चालत नाही. का? तर ‘पुट ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा सोबती आहे, तो क्रियेचा अर्थ बदलतो. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ पुढच्या नामाला धरून आहे. आणि ‘पुट अप विथ’मध्ये दोघेही आहेत. ‘अप’ क्रियापदाकडचा, ‘विथ’ नामाकडचा. ‘होल्ड ऑफ ऑन डिस्पॅच’मध्ये तेच. ‘ऑफ’ सांगतो काय करायचं, ‘ऑन’ सांगतो कशाच्या बाबतीत. त्यांचं एकमेकांशी भांडण नाहीच.

मग हे मराठी मुलाला परकं आहे का? माझं म्हणणं, अजिबात नाही. आपण ‘परीक्षा पुढे ढकलली’ म्हणतो. ‘केस मागे घेतली’, ‘मागणी उचलून धरली’, ‘अभ्यासात मागे पडला’ म्हणतो. ‘मागे घेणे’ यात कोणी हाताने काही मागे ओढत नाही. शिवाय आपली जोडीची क्रियापदं बघा. ‘खा’ वेगळं, ‘खाऊन टाक’ वेगळं. इंग्रज तिथे ‘ईट इट अप’ म्हणतो. ‘लिहून घे’ला ‘राइट डाउन’. ‘वाचून दाखव’ला ‘रीड आउट’. ‘निघून जा’ला ‘गो अवे’. तुलना तंतोतंत नाही, हे कबूल करतो. आपल्याकडे जोडीला दुसरं क्रियापद येतं, त्यांच्याकडे छोटं अव्यय. संयुक्त क्रियापद नेमकं कशाला म्हणायचं यावर आपल्या व्याकरणकारांतही वाद आहेत. पण छोटा शब्द जोडून क्रियेला वळण द्यायची सवय आपल्याला घरातूनच असते.

आणि तो शेवटचा, नामाकडचा शब्द? तो तर आपल्या विभक्तीचं आणि शब्दयोगी अव्ययाचं काम करतो. आपण ‘त्याला भेटलो’ म्हणतो, पण ‘त्याच्याशी बोललो’. ‘त्याच्यावर रागावलो’, पण ‘त्याला घाबरलो’. कुठे ‘ला’, कुठे ‘शी’, कुठे ‘वर’, हे क्रियापद ठरवतं. ‘सासूशी जुळवून घे’ म्हणताना ‘शी’ जसा येतो, तसाच ‘गेट ऑन विथ’मध्ये ‘विथ’ येतो. माणूस नसेल तर ‘शी’ही नको आणि ‘विथ’ही नको. ‘कीप अप’ एवढंच म्हटलं तर चालतं. कोणाच्या बरोबरीने, हे सांगायचं झालं की ‘विथ’ लागतो. आणि तो बदलला की अर्थ सरकतो. ‘कॅच अप विथ’ म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणं, ‘कॅच अप ऑन’ म्हणजे राहिलेलं काम भरून काढणं.

आता खरी अडचण कुठे येते ते सांगतो. आपण म्हणतो, ‘साखर संपली.’ कर्ता साखर. इंग्रजीत बहुधा माणसाला पुढे करतात, ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ माणूस कर्त्याच्या जागी बसला, मग साखरेला उभं राहायला आधार हवा. तो आधार म्हणजे ‘ऑफ’. साखरच कर्ता ठेवली, ‘द शुगर हॅज रन आउट’, की ‘ऑफ’ गेला. तसंच ‘तिला युक्ती सुचली.’ आपल्याकडे युक्ती कर्ता, तिकडे ‘शी केम अप विथ अॅन आयडिया’. यादीत ‘रन आउट ऑफ, संपणे’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून मुलगा ‘शुगर रन आउट ऑफ’ लिहितो आणि आपण लाल शाईने गोल करतो. चूक मुलाची नाही, यादीची आहे. क्रिकेटमधलं ‘रन आउट’ त्याला बरोबर कळतं, कारण ते त्याने मैदानात पाहिलेलं असतं!

दुसरा लाल गोल असतो ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’वर. हे वाक्य अर्जांत, ईमेलमध्ये सर्रास दिसतं. यादीत ‘टू’ छापलेला असतो, पण तो नामाकडचा ‘टू’ आहे हे सांगितलेलं नसतं. नामाकडचा म्हटल्यावर पुढे नामासारखंच रूप हवं, म्हणून ‘मीटिंग यू’. एक ओळ समजावली की हा नियम जन्मभर पुरतो.

आणि तिसरा, ‘कोप अप विथ’. भारतभर ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’. पण मुलाचं डोकं बघा कसं चालतं. ‘कीप अप विथ’ आहे, ‘पुट अप विथ’ आहे, मग ‘कोप’ने काय घोडं मारलंय? म्हणजे त्याला आकृतिबंध सापडलाय. दुरुस्त जरूर करा, पण त्याला आधी शाबासकी द्या. ‘कॉलेजमधून पास आउट झालो’ याचीही अशीच टिंगल होते, की पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. अहो, खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, तिथे कोणी बेशुद्ध पडत नाही. प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ ब्रिटिश लष्करी इंग्रजीतलाच आहे.

परक्यांना हे जड जातं हे नवं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केलं होतं, की अशा जोड्या परदेशी माणसाला सर्वांत अवघड पडतात. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील पुस्तकात रुळवलं ते लोगन पिअरसॉल स्मिथने, १९२५ मध्ये. आणि आपल्याकडे? दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या. आज ती पद्धत जुनाट म्हणून हसण्यावारी नेतात. तिचे दोष आहेतच, बोलायला ती शिकवत नाही. पण तिच्यात सुटा शब्द नव्हता, पूर्ण वाक्य होतं. इकडून तिकडे नेताना कर्ता कुठे गेला, ‘ला’चं काय झालं, हे मुलाला बघावंच लागायचं. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. वर्षं वाढली, पण यादी तशीच राहिली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळंच तर्काने उलगडतं असं नाही. ‘पुट अप विथ’चा अर्थ सहन करणं का, हे कितीही डोकं खाजवलं तरी ‘पुट’ आणि ‘अप’मधून निघत नाही. ते पाठच करावं लागतं. आणि ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’ म्हणणाऱ्याचं इंग्रजी कमअस्सल, असं काही क्लासवाले भासवतात, तेही खोटं. आपण ‘स्थगित’ही म्हणतो आणि ‘पुढे ढकललं’ही म्हणतो. दोन्ही आपलंच. बोलताना स्वतः काय वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण समोरून आलेला निरोप कळलाच पाहिजे, कारण तो आपल्या सोयीने लिहिलेला नसतो.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. यादी फाडू नका, तिला तिसरा रकाना जोडा. पहिल्यात जोडी, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात पूर्ण वाक्य, आणि त्याच्यासमोर तेच मराठीत. मग मुलालाच विचारा, यातला कोणता शब्द क्रियेचा आणि कोणता नामाचा?

त्या मुलाला मी एवढंच करून दाखवलं. कागदावर ‘होल्ड ऑफ’खाली एक रेघ मारली, ‘ऑन डिस्पॅच’खाली दुसरी. तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, एवढंच होतं?’ एवढंच होतं. पण ते मी वर्गात सांगायला हवं होतं. त्याची एक हजेरी वाचली असती.