ट्रक नसता तर? चिकलठाण्याचा अपघात आणि ‘मर्यादा’ वाचायची कशी

२६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान, बोइंग ७३७-२००, दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आपल्या शहरात आलं होतं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. इथून ते मुंबईला निघालं. चिकलठाण्याच्या रनवेवर दुपारच्या उन्हात टेकऑफ घेताना ते जवळजवळ टोकाशी जाऊन जमिनीवरून सुटलं. पलीकडे बीड रोड. तिथून कापसाच्या दाबलेल्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकवर ते आदळलं, आणि पुढे जाऊन विजेच्या उच्चदाब तारांना अडकून पडलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले, ६३ वाचले.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीत सांगितली जाते: ‘ट्रकला धडकून विमान पडलं.’ ऐकणारा म्हणतो, काय नशीब! चौकशीचा निष्कर्ष मात्र दोन भागांचा आहे. एक, पायलटांनी विमानाचं नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दोन, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात तेव्हाचं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं.

या लेखात मला या निष्कर्षाचंच परीक्षण करायचंय. अहवालाच्या आतल्या पानांचं नाही. लोकांपर्यंत जे पोचतं, त्या निष्कर्षाच्या वाक्याचं. पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू केलेल्या तुमच्यासारख्यांना हे उपयोगी पडेल, कारण पुढची चार-पाच वर्षं तुम्ही दुसऱ्यांचे निष्कर्ष वाचणार आणि स्वतःचे लिहिणार आहात.

मर्यादा दोन जातीच्या असतात

मोठ्या प्रवासी विमानाच्या पायलटला काही मर्यादा तोंडपाठ असाव्या लागतात. उदाहरणार्थ ७३७-८०० साठी कमाल उंची ४१,००० फूट, रनवेचा उतार जास्तीत जास्त २ टक्के, टेकऑफला मागून येणारा वारा साधारणपणे १० नॉटपर्यंत. हे आकडे दिवस बदलला म्हणून बदलत नाहीत. परीक्षेत विचारले जातात, आपण नेटसाठी स्थिरांक पाठ करतो तसे.

दुसऱ्या जातीच्या मर्यादा पाठ करता येत नाहीत, त्या प्रत्येक उड्डाणाआधी काढाव्या लागतात. आजचं वजन, आजचं तापमान, हा रनवे, हा वारा, हे सगळं धरून तीन वेग ठरतात. ‘व्ही-वन’ म्हणजे टेकऑफ सोडून थांबायचा निर्णय ज्या वेगाच्या आत घ्यावा लागतो तो. ‘व्ही-आर’ला नाक उचलायचं. ‘व्ही-टू’ हा एक इंजिन बंद पडलं तरी सुरक्षित चढता येईल असा वेग.

या गणिताच्या पोटात एक अट आहे आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची. रनवे कोरडा असेल, तर टेकऑफसाठी उपलब्ध असलेलं अंतर संपेपर्यंत विमान ३५ फूट उंचीवर पोचलं पाहिजे. आणि तेही अगदी नको त्या क्षणी एक इंजिन गेलं असं गृहीत धरून. दोन्ही इंजिनं चालू धरली तर लागणाऱ्या अंतरावर वर १५ टक्के लावले जातात. म्हणजे मर्यादेत वाईट दिवसाची सोय आधीच केलेली असते. पण ही सोय एका शर्तीवर मिळते: ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या पद्धतीने नाक उचललं गेलं पाहिजे.

एप्रिलचं ऊन काय करतं

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी समजा ४० अंश असेल, तर फरक २९ अंशांचा झाला. दर अंशामागे साधारण १२० फूट हा ढोबळ नियम लावा. हवा विमानाशी जणू ५,३०० ते ५,४०० फुटांवर असल्यासारखी वागते.

अशा विरळ हवेत पंखांना तेवढाच जोर मिळवायचा तर खरा वेग सुमारे ८ टक्के जास्त लागतो. अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणजे तेवढ्यानेच १६-१७ टक्के जास्त रनवे खर्च होतो. शिवाय इंजिनाचा रेटाही कमी झालेला असतो, तो वेगळाच. रनवेची लांबी तीच असते, पण त्याच लांबीचा अर्थ जानेवारीच्या पहाटे वेगळा आणि एप्रिलच्या दुपारी वेगळा.

१४० नॉट वेगाने धावणारं विमान एका सेकंदात ७२ मीटर जातं. नाक उचलण्याचा वेग सेकंदाला साधारण २ ते ३ अंश ठेवायचा असतो. म्हणजे नाक उचलायला सुरुवात केल्यावरही चाकं सुटायला काही सेकंद लागतात. अशा वेळी एक-दोन सेकंदांचा उशीर किंवा चुकीची पद्धत हा बारीक तपशील राहत नाही.

सात फूट

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा. विमान ट्रकवर आदळलं ते रस्त्याच्या पातळीपासून जवळपास ७ फुटांवर.

वर आपण ३५ फूट पाहिले. ते रनवेच्या पृष्ठभागापासून मोजतात आणि ७ फूट रस्त्यापासून, त्यामुळे दोन्हींची वजाबाकी करून नेमका आकडा काढू नका. पण फरक एवढा मोठा आहे की एक गोष्ट स्पष्ट होते. ट्रक समोर येण्याआधीच मर्यादा मोडलेली होती. ट्रकने ती मोडली नाही, उघडी पाडली.

आता शीर्षकातला प्रश्न विचारा. ट्रक दहा सेकंद आधी निघून गेला असता तर? विमान बहुधा रिकाम्या रस्त्यावरून गेलं असतं, मुंबईला उतरलं असतं आणि कागदावर ते उड्डाण ‘व्यवस्थित’ म्हणून नोंदलं गेलं असतं. चौकशी नाही, निष्कर्ष नाही. मार्जिन संपलेलं होतं, पण कुणाला कळलंच नसतं.

निष्कर्ष कुठे भक्कम, कुठे सैल

भक्कम बाजू आधी. या निष्कर्षात ‘आणि’ आहे. एकाच पायलटवर किंवा एकाच ट्रकवर सगळं ढकललेलं नाही. दोन्ही गोष्टी लागल्या, एक काढली तर बहुधा अपघात नाही, हे त्यात मान्य केलंय. ‘नशीब’वाल्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

सैल बाजू माझ्या मते तीन आहेत.

पहिली: दोन कारणं एका पंक्तीत बसवलीत, पण ती एका जातीची नाहीत. नाक उशिरा उचलणं ही एका उड्डाणातली काही सेकंदांची गोष्ट. रस्त्यावरची वाहतूक ही रोजची, प्रत्येक उड्डाणाची परिस्थिती. एक घटना आहे, दुसरी व्यवस्था. संशोधनात आपण चल आणि पार्श्वभूमी वेगळी ठेवतो. इथे ती एकत्र झाली.

दुसरी: ‘चूक’ हा शब्द प्रश्न मिटवतो. नाक उशिरा का उचललं गेलं? गर्दीचं विमान, उष्ण हवा, टोकाकडे वेगाने सरकणारा रनवे, त्या पायलटांचं प्रशिक्षण, यातलं काय किती? कारण म्हणून ‘चूक’ लिहिली की वाचणारा तिथेच थांबतो. तुमच्या प्रबंधात ‘मानवी चुकीमुळे नमुना बिघडला’ असं लिहिलंत तर गाइड लगेच विचारतील, चूक म्हणजे नेमकं काय? तोच प्रश्न इथेही लागू आहे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी: वाहतूक ‘नियंत्रित करणं’ हा उपाय रेल्वेच्या फाटकासारखा आहे. फाटक वेळेवर पडलं तरच उपयोग. याला दुसरा मार्ग आहे. अमेरिकेच्या नियमांत विमानतळाजवळचे अडथळे मोजताना सार्वजनिक रस्ता किमान १५ फूट उंच धरतात, मोठा आंतरराज्य महामार्ग १७ फूट आणि रेल्वेमार्ग २३ फूट. मग त्या क्षणी तिथे वाहन असो वा नसो. म्हणजे रिकामा रस्तासुद्धा अडथळा. या नजरेने पाहिलं तर ट्रक हा योगायोग उरत नाही. रस्ता आहे म्हणजे ट्रक येणारच, आणि आपल्याकडे कापसाच्या हंगामात तर ट्रक कसे फुगलेले चालतात ते तुम्ही पाहिलंय. या निष्कर्षातून ‘फाटक का पडलं नाही’ हा प्रश्न निघतो. ‘विमानं रोज बीड रोड किती उंचीवरून ओलांडतात’ हा प्रश्न निघत नाही. मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर अपघाताआधी मोजता येतं.

हीच चूक फार मोठ्या ठिकाणीही झाली

१९८६ साली चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. त्याच्या रॉकेटांच्या सांध्यातली रबरी रिंग आधीच्या काही उड्डाणांमध्ये झिजलेली आढळली होती. रिंग त्रिज्येच्या एक-तृतीयांश झिजली, म्हणजे तिपटीची सुरक्षितता उरली, असा अर्थ लावला गेला. रिचर्ड फाइनमन यांनी यावर बोट ठेवलं: रिंग झिजणं मुळात अपेक्षितच नव्हतं, मग ते झिजणं सुरक्षिततेचं माप कसं होईल? यानं परत आली म्हणून मर्यादा पाळली गेली असं मानलं गेलं. समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी पुढे या सवयीचा सविस्तर अभ्यास केला: नियमापासून थोडं ढळणं, काही न होणं, आणि मग ते ढळणंच नेहमीचं होऊन बसणं.

तुमच्या कामात हे कुठे येतं

स्पेक्ट्रोफोटोमीटरचं कॅलिब्रेशन घ्या. आलेख एका ठराविक तीव्रतेपर्यंतच सरळ रेषेत जातो. त्यापुढचा नमुना टाकला तरी यंत्र आकडा देतंच, लाल दिवा लागत नाही. तो आकडा अपेक्षेजवळ आला की आपण खूश. पण उत्तर जवळ आलं म्हणून पद्धत मर्यादेत होती असं ठरत नाही. प्रमाणद्रावणांची शेवटची तीव्रता किती होती, ते बघितल्यावरच ठरतं.

म्हणून कुठलाही पेपर वाचताना आणि सिनॉप्सिस लिहिताना एवढं विचारा. इथे वापरलेली मर्यादा कोणत्या अटींवर काढली? त्या अटी या प्रयोगात खरंच होत्या का? आणि निकाल चांगला आलेल्या वेळी मार्जिन किती उरलं होतं, हे कुणी मोजलं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पेपरांत सापडत नाही. जिथे सापडत नाही, तिथे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे असं समजा.