शिपमनचा आलेख आणि आलेखाबाहेरची माणसं

कोर्सवर्कला संख्याशास्त्राचा पेपर आहे म्हटलं की निम्म्या लोकांच्या पोटात गोळा येतो. अशांना मी डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांचं ‘द आर्ट ऑफ स्टॅटिस्टिक्स’ (2019) सुचवते. तुम्ही अजून पेट किंवा नेट-सेटच्याच तयारीत असाल तरी वाचा. सूत्रं कमी, प्रश्न जास्त, असं पुस्तक आहे. सुरुवातच एका सिरियल किलरपासून होते आणि पहिल्या पानापासून पुस्तक सोडवत नाही. माझी तक्रार नेमकी त्या सुरुवातीबद्दलच आहे.

आधी माणूस कोण ते बघू. हॅरॉल्ड शिपमन, जन्म 1946, इंग्लंडमधला फॅमिली डॉक्टर. तो सतरा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. शेवटच्या दिवसांत डॉक्टर घरी येऊन तिला मॉर्फिन द्यायचे, हे त्याने पाहिलं होतं. (यावरून लोकांनी बरंच मानसशास्त्र रचलंय. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ज्यांची आई अशी गेली ते सगळे खुनी होत नाहीत.) पुढे तो स्वतःच पेथिडिनच्या आहारी गेला, खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिताना पकडला गेला, 1976 मध्ये त्याला दंड झाला. डॉक्टरकी मात्र शाबूत राहिली. 1977 पासून तो मँचेस्टरजवळच्या हाइड गावात होता. घरी येऊन तपासणारा, वेळ देणारा डॉक्टर म्हणून लोकांचा लाडका. त्याच घरभेटीत तो डायमॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचा. कोर्टात 15 खून सिद्ध झाले. नंतर न्या. जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने 215 बळी निश्चित केले: 171 स्त्रिया, 44 पुरुष. शिवाय 45 मृत्यूंबद्दल दाट संशय नोंदवला. 2004 मध्ये त्याने तुरुंगात गळफास घेतला.

स्पीगलहॉल्टर यातून दोन आलेख काढतात. पहिल्यात प्रत्येक बळी म्हणजे एक ठिपका: वय आणि मृत्यूचं वर्ष. बहुतेक ठिपके म्हाताऱ्या बायकांचे. 1992 च्या आसपास एक मोकळी जागा दिसते. तेव्हा शिपमनने इतर डॉक्टरांबरोबरची प्रॅक्टिस सोडून स्वतःचा वेगळा दवाखाना थाटला. त्यानंतर ठिपके दाट होतात. दुसऱ्या आलेखात दिवसाचे तास आहेत. इतर डॉक्टरांचे पेशंट चोवीस तासांत कधीही दगावतात, शिपमनचे मात्र दुपारी, म्हणजे त्याच्या घरभेटींच्या वेळेत. कसलंही गणित न करता नुसत्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट! शिकवण्याचं साधन म्हणून याला तोड नाही.

पुढे एक प्रकरण त्याहून चांगलं आहे. मृत्यूंच्या आकड्यांवर नियमित नजर असती तर शिपमन ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच खटकला असता, असं ते दाखवतात. आणि लगेच पुढचा किस्सा सांगतात. अशी देखरेख इतर डॉक्टरांवर लावून पाहिली, तेव्हा शिपमनपेक्षाही जास्त मृत्यू असलेला एक डॉक्टर निघाला. चौकशी केली तर तो समुद्रकाठच्या, वृद्धाश्रमांनी भरलेल्या गावात काम करणारा सज्जन माणूस. पेशंटला शेवटी हॉस्पिटलात न हलवता घरीच शांतपणे जाता यावं म्हणून झटणारा. आकडा फक्त वेगळेपण दाखवतो, कारण सांगत नाही. हा किस्सा लेखकाने टाळला नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

मग तक्रार काय? पुस्तक वाचून मनात एक चित्र तयार होतं: डेटा पडून होता, पण बघणारं कुणी नव्हतं. प्रत्यक्षात बघणारे होते. हाइडमधले अंत्यविधी करणारे लोक आपसात बोलत होते की या डॉक्टरच्या बायका खुर्चीत, अंगावर बाहेरचे कपडे असतानाच मेलेल्या सापडतात. डॉ. लिंडा रेनल्ड्स शेजारच्या दवाखान्यात होत्या. दहनाच्या फॉर्मवर तेव्हा दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, ती त्यांच्या दवाखान्यातून जायची. मार्च 1998 मध्ये त्यांनी आपले आणि शिपमनचे मृत्यू शेजारी शेजारी मांडले. त्यांच्या दवाखान्याचे पेशंट कितीतरी जास्त, तरी मृत्यू त्याचे जास्त. म्हणजे त्यांनी अंश बघितला आणि छेदही. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला आपल्याला हेच तर शिकवतात! त्या ते घेऊन कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेल्या.

पोलिसांनी तपास केला, आणि एप्रिलमध्ये बंदही केला. शिपमनची जुनी शिक्षा कुणी तपासली नाही. पेशंटच्या फाइल्स पाहिल्या, त्यात सगळं ठीक दिसलं. दिसणारच. फाइल्स त्यानेच लिहिल्या होत्या.

इथे माझी दुसरी, जास्त गंभीर तक्रार येते. या प्रकरणातला डेटा बऱ्याच अंशी खुन्याने स्वतः भरलेला आहे. मृत्यूचं कारण त्याने लिहिलं. दहनाच्या फॉर्मवर वेळ, सोबत कोण होतं, हे त्याने लिहिलं. कॉम्प्युटरवर मागच्या तारखा टाकून त्याने पेशंटना हृदयविकार ‘जडवले’. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंद खरोखर कधी केली ते मागे टिपून ठेवत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. दुपारचा तो सुंदर उंचवटा दिसतो, कारण वेळेबाबत खोटं बोलायची त्याला गरज वाटली नाही. ती वाटली असती तर आलेख सपाट आला असता आणि पुस्तकाला दुसरी सुरुवात शोधावी लागली असती. पहिल्या आलेखाचंही तसंच. त्यात फक्त पुरावा टिकलेले मृत्यू आहेत. जुन्या वर्षांची कागदपत्रं जितकी कमी, तितके ठिपके विरळ होण्याची शक्यता जास्त. आयोगाने हे खूप सविस्तर तपासलंय. पुस्तकात मात्र ठिपका आला की तो ठिपकाच, तो कुठल्या कागदावरून आला हे विचारायला आपण थांबत नाही.

मला हे झोंबण्याचं कारण वैयक्तिक आहे. पहिल्या वर्षी आमच्या लॅबमधले एक मामा मला म्हणाले होते, ‘मॅडम, सोमवारचं रीडिंग घेऊ नका, मशीन रविवारी बंद असतं.’ मी हसून सोडून दिलं. सहा महिन्यांनी सोमवारचे सगळे बिंदू वर सरकलेले दिसले, तेव्हा मी ते ‘शोधून काढलं’ असं प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं. मामांचं नाव स्लाइडवर नव्हतं.

शिपमन शेवटी सापडला तोही आलेखामुळे नाही. 24 जून 1998 ला हाइडच्या कॅथलीन ग्रंडी गेल्या. त्यांचं मृत्युपत्र निघालं, सगळी मालमत्ता डॉक्टरच्या नावे. त्यांची मुलगी वकील होती. आईची कागदपत्रं ती स्वतःच सांभाळायची, त्यामुळे ते बनावट आहे हे तिला लगेच कळलं. टाइपरायटर शिपमनच्याच दवाखान्यात मिळाला. ग्रंडी यांचं दहन नव्हे, दफन झालं होतं, म्हणून मृतदेह वर काढता आला आणि त्यात मॉर्फिन सापडलं.

एप्रिलमध्ये तपास बंद झाल्यानंतर ग्रंडी धरून आणखी तीन बायका त्याच्या हातून मेल्या. पुस्तक हातात असेल तर पहिला आलेख उघडून 1998 च्या टोकाला बघा. ते तीन ठिपके बाकीच्यांसारखेच आहेत.